मोरसेस

आजी होती तोवर आमच्या घरात साखरेला साखर म्हणत नसत, मोरस म्हणत. ‘वाईच मोरस आण गो’ असं तिनं म्हटलं की मी डबा घेऊन डहाणूकर कॉलनीतल्या वाण्याकडे धावायची. तिथं मात्र ‘साखर द्या’ म्हणायची, कारण मोरस म्हटल्यावर वर्गातल्या मुली एकदा हसल्या होत्या. घरात मोरस आणि दुकानात साखर, असं माझं लहानपण. १९९१ साली आजी गेली आणि तो शब्दही घरातून गेला. आईनं डब्यावर चिठ्ठी चिकटवली, ‘साखर’.

मोरस म्हणजे मॉरिशस. चीनवरून हिंदीत चिनी आली, तशी मॉरिशसवरून कोकणात मोरस आली. आज महाराष्ट्रात उसाचं आणि कारखान्यांचं राज्य आहे, पण प्रवरानगरचा पहिला सहकारी कारखाना उभा राहिला तो १९५० च्या सुमारास. त्याच्या शंभर वर्षं आधी आमच्या गावाकडे पांढरी साखर दिसायची ती बोटीनं आलेली, हिंदी महासागरातल्या एका बेटावरची. ते बेट कुणी पाहिलेलं नव्हतं, पण त्याचं नाव सणासुदीला घराघरात घेतलं जात होतं.

आमच्या घरात मात्र त्या नावाला आणखी एक कारण होतं.

भाद्रपदातल्या सर्वपित्री अमावास्येला आमच्याकडे म्हाळ असतो. ज्यांची तिथी ठाऊक नाही त्या सगळ्यांचं ते श्राद्ध. भोपळ्याची भाजी, अळू, कढी, उडदाचे वडे, गुळाची खीर. आजी मोजून पानं वाढायची आणि शेवटी एक पान जास्तीचं मांडायची. त्या पानावर सगळं वाढून झालं की डब्यातून चिमूटभर मोरस घेऊन खिरीवर भुरभुरवायची. बाकी कुठल्या पानावर नाही, त्या एकाच. मी विचारलं तेव्हा म्हणाली, ‘ह्ये मोरसवाल्याचं. तुज्या बापाच्या खापरपणज्याचा धाकटा भाव. मोरसला गेला, मंग आलाच नाय.’

‘नाव काय त्याचं?’

‘नाव कुणास ठावं,’ आजी म्हणाली आणि पानाला हात जोडले.

मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. नाव नसलेल्या माणसासाठी आपण दरवर्षी वडे तळतो याचं मला नवल वाटलं नाही. घरात असतात तशा अनेक गोष्टींपैकी ती एक होती. नवल वाटलं ते बाबांना, आणि तेही फार उशिरा, साठी उलटून गेल्यावर.

बाबा संगमेश्वर तालुक्यातले. शास्त्री नदीच्या काठचं गाव, कुणब्याचं घर, जमीन खोताची. १९६६ साली ते घाट चढून पुण्यात आले आणि कोथरूडच्या किर्लोस्कर कमिन्समध्ये टर्नर म्हणून लागले. तेव्हा कोथरूड म्हणजे शेतं, मळे आणि मृत्युंजयेश्वराचं देऊळ. देवळापलीकडे अंधार पडला की माणूस दिसत नसे, असं ते सांगत. ३६ वर्षं त्यांनी लेथवर काढली. मायक्रोमीटर लावून जॉब तपासणारा माणूस. एका थाऊचा फरक राहिला तरी त्यांना झोप लागत नसे, आणि हे मी कौतुकानं सांगत नाही, खरोखर लागत नसे. २००२ साली निवृत्त झाल्यावर चार वर्षं ते घरातल्या बिजागऱ्या आणि नळ दुरुस्त करत राहिले. सगळं दुरुस्त झालं.

२००६ साली पेपरात एक बातमी आली. पोर्ट लुईच्या बंदरातला आप्रवासी घाट युनेस्कोनं जागतिक वारशाच्या यादीत घेतला होता. सोबत फोटो होता, दगडी पायऱ्यांचा. जहाजातून उतरलेला प्रत्येक मजूर त्या १६ पायऱ्या चढून त्या बेटावर गेला, असं खाली लिहिलं होतं. बाबांनी कात्रीनं तो फोटो कापला, खिशात घातला आणि आईला विचारलं, ‘आपण ते पान कुणासाठी वाढतो गं?’

दुसऱ्या दिवशी ते कर्वे पुतळ्यापाशी जाऊन दोनशे पानी लाँगबुक घेऊन आले. डाव्या पानावर कळलेलं, उजव्या पानावर विचारायचं. पहिल्या डाव्या पानावर एकच ओळ होती: ‘मोरसला गेला. परत आला नाही.’ उजवं पान पहिल्याच दिवशी भरलं. नाव? वय? कधी? का? एकटा की सोबत कुणी? कुठल्या बंदरातून? लग्न झालं होतं का? आईला कुणी सांगितलं?

हा शेवटचा प्रश्न त्यांच्याच हातचा आहे. मी बदललेला नाही.

पुढची पाच वर्षं बाबांनी जी माहिती जमवली तिच्यासाठी त्यांनी वाचनालयं पालथी घातली, संगमेश्वरापासून परळच्या चाळींपर्यंत नात्यातल्या म्हाताऱ्यांना गाठलं. ती सगळी इथं सांगत नाही. पण काही गोष्टी सांगायला हव्यात, कारण त्या शाळेत मला कुणी शिकवल्या नाहीत आणि बाबांनाही नाहीत.

इंग्रजांनी त्यांच्या राज्यातली गुलामगिरी कायद्यानं बंद केली. १८३५ मध्ये मॉरिशसमधले गुलाम मोकळे झाले आणि उसाच्या मळेवाल्यांना हात कमी पडू लागले. तजवीज आधीच सुरू झाली होती. २ नोव्हेंबर १८३४ ला ‘अ‍ॅटलस’ नावाचं जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला लागलं. तिथून पुढं विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख माणसं हिंदुस्थानातून त्या बेटावर गेली. पाच वर्षांचा करार, महिन्याला पाच रुपये आणि शिधा. कराराचा म्हणजे ‘अ‍ॅग्रीमेंट’चा लोकांच्या तोंडी झाला गिरमिट. बाबांना गिरमिट म्हणजे लाकडाला भोक पाडायचं हत्यार एवढंच माहीत. त्यांनी त्या शब्दाखाली दोन रेघा मारल्या आहेत.

मधे काही वर्षं मजूर नेण्यावर बंदी होती. १८४२ मध्ये ती उठली आणि कलकत्ता, मद्रासबरोबर मुंबई बंदरही उघडलं. मुंबईतून गेले ते त्या दोघांच्या मानानं थोडे, पण त्यात कोकणातले आणि देशावरचे होते. मराठे, कुणबी, महार. बाबांना हा थोडेपणाच महत्त्वाचा वाटायचा. मुंबईतली पहिली कापडगिरणी सुरू झाली ती १८५६ मध्ये. त्याआधी खोताच्या जमिनीत पोट न भरणाऱ्या कोकणातल्या पोरानं जायचं कुठं? पलटणीत जायचं, नाही तर जहाजावर. पुढं सव्वाशे वर्षं आमच्या तालुक्यातली माणसं गिरण्यांत गेली, त्यांच्या मनीऑर्डरींवर गावं जगली, त्यांच्यावर गाणी झाली. गिरण्यांच्या आधी गेलेल्यांची मनीऑर्डर आली नाही आणि गाणंही झालं नाही.

बाबांनी तो प्रवास कागदावर आखला होता. फुणगूसपर्यंत पायी. तिथून भरती-ओहोटी सांभाळत मचव्यानं जयगडच्या खाडीत. जयगडहून पडावानं मुंबई. मुंबईत मुकादमाच्या हाताखाली काही दिवस, मग मोठं शिडाचं जहाज आणि कित्येक आठवडे नुसतं पाणी. या नकाशात फक्त फुणगूसपर्यंतची रेघ शाईनं काढली आहे. पुढची पेन्सिलनं. ज्याची खात्री नाही ते शाईनं काढायचं नाही, हा कारखान्यातला नियम.

मग त्यांना कळलं की त्या माणसांच्या नोंदी आहेत. मॉरिशसमध्ये मोका इथं महात्मा गांधी इन्स्टिट्यूट आहे, तिथं हे सगळं दप्तर जपून ठेवलेलं आहे. जहाजातून उतरलेल्या प्रत्येकाला एक नंबर. नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, अंगावरची खूण, गाव, परगणा, जिल्हा. १८६० च्या दशकापासून पुढं तर फोटोसुद्धा. बाबा त्या रात्री झोपले नाहीत. ‘म्हणजे आहे तो,’ ते सकाळी आईला म्हणाले. ‘लिहून ठेवलाय.’

पण तो शोध एका बाजूनंच चालतो. मॉरिशसमधल्या माणसाच्या हातात पूर्वजाचा नंबर असला की त्याला जहाज सापडतं, गाव सापडतं. असे लोक शोधत शोधत कोकणात येतातही. इकडून तिकडे जायचं तर निदान नाव हवं. आडनाव चालत नाही, कारण तिथल्या दप्तरात त्याचं स्वतःचं नाव आणि बापाचं नाव एवढंच लिहिलं जाई, आणि पुढं त्या पहिल्या माणसाचं नाव हेच पोराबाळांचं आडनाव झालं. सखाराम आला, त्याची पुढची पिढी ‘सखाराम’ आडनावाची. शिवाय साहेबाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं स्पेलिंग. आमच्याकडे आडनाव होतं, जिल्हा होता, नदी होती. ज्या एका गोष्टीवाचून काहीच उघडत नाही ती नव्हती.

२००८ साली माझा धाकटा भाऊ कॅनडाला गेला. कॉम्प्युटरचं काम, आधी दोन वर्षांसाठी, मग पाच, मग तिकडचाच झाला. ब्रॅम्प्टनला घर घेतलं. दर रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा आणि बाबा बोलणं संपताना हमखास विचारायचे, ‘तिकडे बर्फ किती?’ यापलीकडे त्यांना काय विचारायचं ते सुचत नसे.

एकदा भावानंच एक गोष्ट सांगितली. त्याच्या शेजारच्या बाईंचे आजोबा इंग्लंडहून आलेले. १८६९ ते १९३२ या काळात ब्रिटनमधून एक लाखावर पोरं कॅनडात पाठवली गेली होती, अनाथ म्हणून, गरीब म्हणून, शेतावर राबायला. त्यांतली कितीतरी अनाथ नव्हतीच, त्यांचे आईबाप जिवंत होते. त्या बाईंचे आजोबा त्यांतले एक. बाईंनी कॅनडाच्या राष्ट्रीय दप्तरखान्याच्या यादीत नाव घातलं आणि एका संध्याकाळीत त्यांना जहाजाचं नाव, बंदर, तारीख आणि आजोबांचं तेव्हाचं वय मिळालं. त्या रडल्या म्हणे.

बाबांनी हे दोनदा सांगायला लावलं. मग बराच वेळ रिसीव्हर कानाशी धरून गप्प राहिले. ‘त्या पोरांना कुणी विचारलं नसेल, जाता का म्हणून,’ शेवटी म्हणाले. ‘पण निदान नावानिशी नेलं.’

माझी समजूत आहे की मोडी शिकायचं त्यांनी त्याच आठवड्यात ठरवलं. परळच्या एका चुलत आत्यानं सांगितलं होतं की आमच्या घरातला कुणीतरी जुन्या काळी त्र्यंबकेश्वरला जाऊन आला होता आणि तिथल्या उपाध्यायांच्या वहीत घराण्याची नोंद आहे. वही मोडीत असणार. वाचून दाखवणारा उपाध्याय भेटेल, पण बाबांना दुसऱ्यानं वाचलेलं नको होतं. ‘माप आपलं आपण घ्यायचं’, हाही कारखान्यातलाच नियम.

तेव्हा २०१० साली, ६६ व्या वर्षी, बाबा सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळाच्या मोडीच्या वर्गाला जाऊ लागले. कोथरूडहून सायकलवर. वर्गात कॉलेजची मुलं, दोन वकील आणि बाबा. संध्याकाळी ते जेवणाच्या टेबलावर सराव करायचे. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग त्या रेघेला एकेक अक्षर टांगत जायचं, हात न उचलता. बाबांची रेघ पहिल्या दिवसापासून सरळ आली. अक्षरं यायला वेळ लागला. ऱ्हस्व-दीर्घ पाळायचं नाही हे त्यांना आवडलं. सातवीपर्यंतच शिकलेल्या माणसाला शुद्धलेखनाची भीती असते, ती इथं नव्हती. कारखान्यातून येताना त्यांच्या बोटांच्या पेरांत काळं वंगण असायचं. ते निघून आठ वर्षं झाली होती. आता त्याच पेरांवर शाई दिसायला लागली.

२०११ च्या फेब्रुवारीत आम्ही तिघं त्र्यंबकेश्वरला गेलो. कुशावर्तावर हातपाय धुऊन बाबा उपाध्यायांच्या वाड्यात शिरले. पहिल्या ठिकाणी ‘तुमचा तालुका आमच्याकडे नाही’ म्हणून समोर पाठवलं, समोरच्यांनी गल्लीच्या टोकाला. तिथल्या म्हाताऱ्या गुरुजींनी गाव विचारलं, आडनाव विचारलं, आत गेले आणि लाल फडक्यात बांधलेली लांबोडकी वही घेऊन आले. वरच्या बाजूनं शिवलेली, पानं तांबूस झालेली, कडा उंदरांनी खाल्लेल्या. त्यांनी पानं उलटायला सुरुवात केली. आमच्या शेजारच्या गावांची नावं येऊ लागली तसे बाबा पुढं सरकले.

‘हे तुमचं,’ गुरुजी म्हणाले आणि वाचायला लागले. बाबांनी हात वर केला. ‘मी वाचतो.’

आई दारात उभी होती, मी तिच्या मागं. बाबांनी चष्मा पुसला आणि बोट कागदाला न लावता हवेतच फिरवत एकेक अक्षर वाचायला लागले. शके. मनातल्या मनात ७८ मिळवले. सत्तावन्नच्या बंडाच्याही आधीची नोंद निघाली. गाव. येणाऱ्याचं नाव, म्हणजे बाबांचे खापरपणजोबा. त्यांच्या बापाचं नाव. मग ‘भाऊ’. पहिला भाऊ, वस्ती गावी. दुसरा भाऊ, मयत. तिसरा भाऊ. बाबांनी ते नाव वाचलं आणि थांबले. पुढं एकच शब्द होता. तो त्यांना आधी लागेना. गुरुजींनी तोंड उघडलं तेवढ्यात त्यांना लागला.

‘मोरसेस.’

एवढंच. नाव आणि मोरसेस. मुंबईस, पुण्यास म्हणतात तसं मोरसेस. मेला असं लिहिलेलं नाही, गेला असंही नाही. लिहिणाऱ्या भावाच्या मनात तो तिथं होता आणि यायचा होता.

नाव मी इथं लिहीत नाही. ते आमच्या घरचं आहे आणि फार वर्षांनी हाती लागलं आहे.

बाबा बाहेर येऊन पायरीवर बसले. रडले नाहीत. लाँगबुक उघडून पहिल्या डाव्या पानावरच्या ओळीच्या वर, जागा सोडली होती तिथं, ते नाव शाईनं लिहिलं. त्या वर्षीच्या म्हाळाला आईनं नेहमीसारखं जास्तीचं पान मांडलं. बाबांनी बाकीच्या नावांबरोबर ते नाव मोठ्यानं घेतलं. आमच्या घरात ते त्याआधी शेवटचं कधी उच्चारलं गेलं असेल याचा मी हिशेब करून पाहिला. दीडशेच्या आसपास वर्षं भरतात.

मोकाला पत्र पाठवायचं बाबांनी ठरवलं होतं. नाव मिळालं, बापाचं नाव मिळालं, जिल्हा होताच. पण त्या नावाचे आणि तसल्याच बापाच्या नावाचे किती असतील आणि त्यांतला आपला कोणता, हे ठरवायला खूण लागते. अंगावरची खूण. ती आईला ठाऊक असते. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या आईला ठाऊक असणार, कपाळावरचा व्रण, हाताचं वाकडं बोट, काय असेल ते. बाबांनी पत्राचा मसुदा तीनदा लिहिला आणि तीनदा त्या रकान्यापाशी अडकला. पत्र गेलं नाही. मी पाठवू का म्हटलं तर म्हणायचे, ‘राहू दे. चुकीचा माणूस घरी आणायचा नाही.’ मला तेव्हा याचा राग यायचा. वाटायचं, इतकं करून शेवटी थांबायचं कशाला? आता वाटतं, त्यांना जे हवं होतं ते त्यांना त्र्यंबकच्या वाड्यात मिळालं होतं. तो माणूस बेटावर सापडावा यापेक्षा तो आपल्या घरच्या वहीत असावा, हे त्यांना जास्त हवं होतं.

एक गोष्ट मात्र ते वारंवार बोलून दाखवत. करार पाच वर्षांचा होता. साधारण तीनांतला एक जण परत आला. पण परतीचा फुकट प्रवास पुढं सरकारनं बंद केला, आणि पाच रुपये महिन्यावर राबणाऱ्यानं जहाजाचं भाडं साठवायचं कसं? ‘आला नाही असं म्हणतात सगळे,’ बाबा म्हणायचे, ‘येऊ दिलं नाही असं कुणी म्हणत नाही.’ आजीच्या ‘आलाच नाय’मध्ये एक रुसवा होता. तो रुसवा घरातून निघून जावा म्हणून बाबांनी मला हे निदान दहा वेळा सांगितलं असेल.

२०१९ च्या पावसाळ्यात बाबा गेले. साखरेच्या आजारानं. शेवटची बारा वर्षं बिनसाखरेचा चहा, आणि तो पिताना तोंड वाकडं न करणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. भाऊ तिकीट मिळेल तसा निघाला. ब्रॅम्प्टनहून टोरांटो, तिथून फ्रँकफर्ट, मुंबई, कोथरूड. पोचला तेव्हा वैकुंठ स्मशानभूमीतून परत येऊन आम्हाला चार तास झाले होते. बाबांच्या लेंग्याच्या खिशात तो फोटो सापडला. १३ वर्षांत घड्यांवर पांढरा पडलेला, पायऱ्या मोजता येत नाहीत इतका. भावानं तो मागून घेतला.

पुढल्या म्हाळाला बाबांचं पान मांडलं. आईनं जास्तीचं पानही मांडलं, खिरीवर साखर भुरभुरवली, आणि मग डबा हातात धरून जराशी थांबली. बाबांच्या पानाकडे वळली आणि त्यांच्याही खिरीवर चिमूट नाही, चांगली मूठभर साखर घातली.

‘घ्या आता,’ म्हणाली.

आमच्या सोसायटीच्या इमारतीचं रिडेव्हलपमेंट ठरलं आणि २०२३ मध्ये घर रिकामं करायची वेळ आली. चाळीस वर्षांचं घर. रद्दीवाला तीन फेऱ्या करून गेला. लाँगबुक मी माझ्या पिशवीत ठेवलं होतं, पण नीट चाळलं ते भाड्याच्या घरात बसल्यावर. एकशेऐंशी पानं भरलेली, पुढची कोरी. आणि अगदी शेवटच्या पानावर, पाठीमागच्या पुठ्ठ्याला लागून, आठ ओळी. मोडीत. वर आडवी रेघ, सरळ.

घरात कुणाला मोडी वाचता येत नव्हती. भावाला फोटो पाठवला, त्यानं कुणाकडून तरी वाचून घेऊ म्हटलं. वाचून देणारे पुण्यात आहेत, शोधले तर तासाभरात भेटले असते. पण मी नको म्हटलं. मीही मंडळाच्या वर्गाला नाव घातलं. आठवड्याचे वर्ग, घरी सराव. माझी रेघ बाबांसारखी येत नाही, उजवीकडे जराशी वर जाते. पेशव्यांच्या काळातली पत्रं, महसुलाचे कागद वाचून झाले. लाँगबुकाचं शेवटचं पान मी मुद्दाम उघडलं नाही. नीट वाचता येईपर्यंत अंदाजानं वाचायचं नाही.

२०२४ च्या दिवाळीआधी उघडलं. सराव म्हणून बाबांनी आमच्याच घराण्याची नोंद लिहिली होती, त्र्यंबकच्या वहीतल्या धाटणीत. शके. गाव, तालुका संगमेश्वर. वस्ती कोथरूड. स्वतःचं नाव, बापाचं नाव. पत्नी. मग ‘कन्या’ आणि माझं नाव, वस्ती कोथरूड. त्र्यंबकला आमची नोंद बाबांनी वाचली तेव्हा तीत एकाही बाईचं नाव ऐकलेलं मला आठवत नाही. पुढच्या ओळीत ‘पुत्र’, भावाचं नाव, आणि नावापुढं एकच शब्द.

‘कॅनडास.’

फेब्रुवारी २०२५ मध्ये आई, मी आणि सुटीवर आलेला भाऊ त्र्यंबकेश्वरला गेलो. ते म्हातारे गुरुजी आता नाहीत, त्यांचा नातू आहे. वही नवी आहे, बॉलपेन आहे, देवनागरीत लिहितात. मी लाँगबुकाचं पान समोर धरून एकेक ओळ वाचून दाखवली, ते लिहीत गेले. बाबांच्या नावापुढं मयत लिहिलं आणि तिथी घातली. माझं नाव घालताना त्यांनी एकदा वर पाहिलं, मग घातलं. भावापाशी आले तेव्हा म्हणाले, ‘नुसतं कॅनडा लिहू?’

‘नको,’ मी म्हटलं. ‘गाव, प्रांत, देश, सगळं लिहा.’

त्यांनी भावाला स्पेलिंग विचारलं नाही, उच्चार विचारला. भावानं दोनदा सांगितलं. मग त्यांनी लिहिलं: मुक्काम ब्रॅम्प्टन, प्रांत ऑन्टारिओ, कॅनडा. त्याखाली त्याच्या मुलीचं नाव. आणि मी सांगितलं म्हणून, त्याच ओळीत, डाव्या भुवईवर लहानपणी पडल्याचा व्रण.